क्लिप पुढे पाठवण्याआधी समुद्राकडे बघा

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी अहमदपूरच्या आमच्या घरी जेवणं आटोपली होती. माझ्या बहिणीची मुलगी नुकतीच बारावी पास झाली होती. मार्क चांगले होते, पण डॉक्टरकीला पुरतील इतके नव्हते. तिने स्वतःच सांगून टाकलं, "मला मायक्रोबायोलॉजी घ्यायचं आहे." यावर चच्चांनी खिशातून मोबाईल काढला आणि एक क्लिप लावली. क्लिपमध्ये एक वक्ता आवाज चढवून सांगत होता की, विज्ञानवाले आता प्रयोगशाळेत जीव बनवायला लागलेत, हा शिर्क आहे, या इल्मपासून आपल्या लेकरांना दूर ठेवा. चच्चा म्हणाले, "देख बेटा, ये लोगां खुदा की बराबरी करने निकले. तेरे को उसमें जाना है?"

पोरगी गप्प बसली. घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात इंजिनिअर मी एकटाच. मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो आणि वेळ मारून नेली. त्याची लाज वाटते, म्हणून हा लेख.

पुण्यात माझ्या ऑफिसमध्ये याच्या नेमकं उलट बोलणारे भेटतात. "माणसाने जीव बनवला, आता देवाची गरज काय?" असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसतात. मला चच्चांची क्लिप आणि या मित्रांचं हसू सारखंच वाटतं. प्रयोगशाळेत नेमकं काय घडलं, हे दोघांनीही बघितलेलं नाही. ते आधी बघू.

काय बनलं, काय नाही बनलं

मे २०१० मध्ये अमेरिकेतल्या क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने जाहीर केलं की, संपूर्णपणे रसायनांपासून जोडलेल्या जनुकसंचावर चालणारा जिवाणू तयार झाला आहे. मायकोप्लाझ्मा मायकॉइडीस नावाचा शेळ्यांच्या शरीरात आढळणारा एक जिवाणू आहे. त्याच्या डीएनएची अक्षरमाला संगणकात आधीच वाचून ठेवलेली होती. ती सुमारे १० लाख ८० हजार अक्षरं तुकड्यातुकड्याने रसायनांपासून बनवून घेतली, यीस्टच्या पेशीत नेऊन एकमेकांना जोडली आणि तो पूर्ण धागा दुसऱ्या, पण जवळच्या जातीच्या जिवाणूच्या जिवंत पेशीत घातला. ती पेशी नव्या धाग्यातल्या सूचनांप्रमाणे वागू लागली आणि वाढू लागली.

आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्या मशीनवर दुसऱ्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि मशीन सुरू झालं. मशीन आधीपासून होतं आणि सिस्टीमही बरीचशी नक्कल केलेली होती. यात कौतुकाचं काही नाही असं अजिबात नाही. हे काम फार मोठं होतं, त्यामागे कित्येक वर्षं आणि करोडो डॉलर गेले. एका महत्त्वाच्या जनुकातलं एकच अक्षर गळालं म्हणून पेशी उठेचना आणि ती चूक शोधण्यात कित्येक आठवडे गेले. ज्याने कधी रात्री दोन वाजता सेमीकोलन शोधला आहे त्याला हे दुःख कळेल. आपली खूण म्हणून त्यांनी त्या डीएनएत सांकेतिक लिपीत नावं आणि थोरांची वाक्यं कोरली. त्यातलं फाइनमन या शास्त्रज्ञाचं वाक्य चुकीचं उतरवलेलं निघालं आणि नंतर दुरुस्त करावं लागलं.

त्याच संस्थेने २०१६ मध्ये आणखी एक पेशी तयार केली. जगण्यासाठी कमीत कमी किती जनुकं लागतात हे बघायचं होतं. काढत काढत ४७३ जनुकांवर आले. त्यातल्या १४९ जनुकांचं काम काय, हे बनवणाऱ्यांनाच सांगता येत नव्हतं. पुढच्या संशोधनात त्यातल्या काहींचा उलगडा झाला. पण तेव्हाची स्थिती अशी की, प्रोग्रॅमचा जवळपास एक तृतीयांश भाग काय करतो ते ठाऊक नाही, मात्र तो काढला की सगळं बंद पडतं.

आता सांगा, यात खुदाची बराबरी कुठे आली? शून्यातून निर्माण करणं वेगळं आणि असलेलं वाचून, नक्कल करून, पुन्हा जोडणं वेगळं. हा फरक आपल्या मदरशात पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. सूरह हज्जमधला माशीचा दाखला देऊन जे या शास्त्रज्ञांना आव्हान देतात त्यांनी आधी एवढं समजून घ्यावं की, इथे कुणी माशी बनवलेली नाही, जिवाणूही शून्यातून बनवलेला नाही. आणि "देव संपला" म्हणणाऱ्यांनीही १४९ हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

तिसरा एक वर्गही आपल्यात आहे. "हे सगळं आपल्या किताबात चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलं आहे," असं म्हणून तो निवांत झोपतो. किताबाने बघायला, विचार करायला सांगितलं, हे आपण विसरलो. बघण्याचं काम दुसऱ्यांनी करायचं आणि आपण नंतर पावती फाडायची, याला ईमान म्हणत नाहीत. हा आळस आहे.

समुद्रात काय आहे

अहमदपूरपासून समुद्र किमान ४०० किलोमीटर दूर आहे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यातल्या पोरांना मी समुद्राच्या गोष्टी का सांगतो आहे? कारण कृत्रिम जीवाचा वाद समुद्रापासून वेगळा करता येत नाही. कोड लिहायला आधी कोडचा साठा लागतो, आणि पृथ्वीवरचा जनुकांचा फार मोठा साठा समुद्राच्या पाण्यात आहे.

समुद्राच्या चमचाभर पाण्यात लाखो जिवाणू असतात. पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं आणि त्यातला मोठा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा आहे. यातला प्रोक्लोरोकॉकस हा जिवाणू संख्येने इतका प्रचंड, तरी १९८० च्या दशकापर्यंत माणसाला तो असल्याचा पत्ता नव्हता. बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत, त्यामुळे सापडतही नव्हते.

मग युक्ती निघाली. जिवाणू वाढवायचेच नाहीत. शेकडो लिटर पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, गाळणीवर जे अडकेल त्या सगळ्याचा डीएनए एकत्र काढायचा, त्याचे तुकडे वाचायचे आणि संगणकाने जुळवायचे. हजार पुस्तकं फाडून एका पोत्यात भरली आणि पोत्यातून ती पुन्हा जुळवायची, असं हे काम. ते सूक्ष्मदर्शकाखाली कमी आणि संगणकावर जास्त होतं. याच व्हेंटर यांनी बर्म्युडाजवळच्या सरगासो समुद्राचं पाणी असं वाचलं आणि २००४ मध्ये १२ लाखांहून जास्त नवी जनुकं जाहीर केली. मग 'सॉर्सरर टू' नावाच्या त्यांच्या बोटीने जगभर फिरून नमुने घेतले. ती हिंदी महासागरातही आली होती. २००७ मध्ये त्या सफरीच्या पहिल्या टप्प्यातून सुमारे ६१ लाख प्रथिनांची यादी निघाली.

आपल्याकडेही हे काम होतं. गोव्यात दोना पावला इथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मार्च २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट चढत असताना, या संस्थेचं 'सिंधु साधना' हे जहाज विशाखापट्टणमहून हिंदी महासागराच्या सफरीवर निघालं. बेत सुमारे ९० दिवसांचा होता. वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी घेऊन त्यातल्या सूक्ष्मजीवांची जनुकं, प्रथिनं आणि पाण्यातले विरळ धातू यांची नोंद करायची होती. आपल्यातल्या किती जणांनी त्या जहाजाचं नाव ऐकलं? मीही तेव्हा घरात बसून ऑक्सिजनच्या सिलिंडरचे नंबर फॉरवर्ड करत होतो, तेव्हा इतरांना बोल लावत नाही. पण ती वेळ गेल्यावर तरी आपण विचारलं का?

समुद्र दूर वाटत असेल तर लोणार घ्या. अहमदपूरहून सकाळी निघून बघून येता येतं. उल्का पडून झालेल्या विवरातलं ते खारं, सोड्यासारखं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं. तेव्हा मोबाईलवर काय काय आलं ते आठवा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर आलं, नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की हा रंग मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि त्यांना रान मोकळं मिळालं. याच सरोवरातून सापडलेल्या एका जिवाणूला शास्त्रज्ञांनी 'सेसेम्बिया लोणारेन्सिस' हे नाव दिलं आहे. आपल्या भागातल्या तळ्याचं नाव जगाच्या यादीत गेलं आणि आपल्या व्हॉट्सअॅपवर मात्र कयामतच्या निशाण्या फिरत होत्या.

खरं भांडण मालकीचं आहे

क्लिपवाल्या वक्त्यावर माझा राग यासाठी आहे की, तो चुकीच्या दारावर पहारा देतो. "जीव कुणी बनवला" यावर तो तासभर बोलतो. "जीव कुणाच्या नावावर झाला" यावर चकार शब्द नाही. आणि तिकडच्या दाराने माल केव्हाच निघून गेला आहे.

आनंद मोहन चक्रवर्ती हे बंगालमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करत. त्यांनी तेल पचवणारा जिवाणू तयार केला. त्याच्यावर पेटंट मिळू शकतं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. एका न्यायाधीशाचं मत इकडचं तिकडे झालं असतं तर पुढची चाळीस वर्षं वेगळी गेली असती. त्यानंतर जिवंत वस्तू मालमत्ता होऊ शकते, हे जगाने हळूहळू मान्य केलं. भारताच्या कायद्यात निसर्गात असलेल्या जिवाचा नुसता शोध लावला म्हणून पेटंट मिळत नाही, पण माणसाने बदल केलेल्या सूक्ष्मजीवाला मिळू शकतं.

आता समुद्राचा हिशेब. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पेटंटमध्ये नोंदलेले सागरी जनुकांचे १२,९९८ क्रम मोजले. ते ८६२ प्रजातींचे होते आणि त्यातले बहुतांश सूक्ष्मजीवांचे. त्यातले ४७ टक्के एकट्या बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या नावावर होते. ९८ टक्के क्रम फक्त १० देशांतल्या कंपन्यांनी आणि संस्थांनी नोंदवलेले होते. समुद्र सगळ्या जगाचा, सातबारा मात्र दहा जणांचा.

व्हेंटर यांच्यावरही हा आरोप झाला. २००४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात त्यांची बोट परवानगीच्या प्रश्नावरून अडवली गेली. २००६ मध्ये एका चळवळीने त्यांना जैविक चाचेगिरीचा उपहासात्मक पुरस्कार दिला. त्यांची बाजूही सांगायला हवी. बोटीवर गोळा केलेली माहिती त्यांनी सार्वजनिक भांडारात टाकली, कुणालाही फुकट मिळेल अशी. पण गोम इथेच आहे. फुकट माहिती सगळ्यांना सारखीच मिळते, तिचा उपयोग करण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. पूर्वी चोरी करायची तर बाटलीत पाणी भरून न्यावं लागे. आज अक्षरमाला डाऊनलोड करायची, ते जनुक कंपनीकडून बनवून घ्यायचं, जिवाणूत घालायचं आणि पेटंट मागायचं. सीमेवर बाटली तपासणारा शिपाई काय करणार?

कुणी म्हणेल, हे मोठ्या लोकांचे प्रश्न, आपला काय संबंध? मराठवाड्यातल्या माणसाने तरी हे म्हणू नये. मातीतल्या बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूचं जनुक कापसात घातलं, त्याला आपण बीटी कापूस म्हणतो. २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. परभणी, जालना, नांदेडच्या रानात तो आला. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला दीड हजार रुपयांहून जास्त मोजावे लागत आणि त्यातला मोठा भाग त्या जनुकाच्या हक्काचा होता. सरकारं भांडली तेव्हा २००६ मध्ये किंमत निम्म्यावर आली. पुढे गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणं सोडलं आणि २०१७ च्या हंगामात शेतकरी धुऊन निघाला. जिवाणूचं जनुक आपल्या दारात येऊन, पैसे घेऊन, निकामी होऊनही गेलं. तेव्हा एकाही जुम्म्याच्या बयानात मी हा विषय ऐकला नाही.

आणि पुढचं पाऊल सोयाबीनच्या रानात पडेल. आमच्या तालुक्यात पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात. तो जिवाणू मुळांवर गाठी करतो आणि हवेतला नायट्रोजन पिकाला देतो. आज ते पाकीट कृषी विद्यापीठातून, दुकानातून स्वस्तात मिळतं. अमेरिकेत मक्यासाठी जनुकं बदललेले असे जिवाणू २०१९ पासून विकले जात आहेत. उद्या ते इथे येतील. चांगलेही असतील, खत वाचवतील. पण त्यांचा भाव कोण ठरवणार, मातीत सुटलेल्या जिवाणूची जबाबदारी कोण घेणार, हे विचारायला आपल्याकडे कुणी शिकलेलं असणार आहे का?

लगाम कोण घालतो

धोका नाही, असं मी म्हणत नाही. तो इतका खरा आहे की डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक इशारा दिला. आपल्या सगळ्यांच्या शरीरातले रेणू एका विशिष्ट हाताचे असतात, डावा-उजवा हात असतो तसे. त्यांची आरशातली उलटी प्रतिमा घेऊन जिवाणू बनवला तर आपली प्रतिकारशक्ती त्याला कदाचित ओळखणारच नाही. असा जिवाणू बनवण्यासाठी अजून वेळ आहे, पण त्या वाटेने जाऊच नका, असं त्यांनी म्हटलं. सही करणाऱ्यांत खुद्द व्हेंटर होते. पूर्वी याच दिशेने काम केलेल्या आणि धोका दिसल्यावर थांबलेल्या केट अॅडमला होत्या. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या दीपा आगाशे होत्या.

हे थांबणं कुठून आलं? ज्यांना ते करता येत होतं त्यांच्यातूनच आलं. ज्याला कोड वाचता येत नाही त्याला कोडमधला धोका दाखवता येत नाही. "या इल्मपासून लेकरांना दूर ठेवा" म्हणणारा माणूस धोका रोखत नाही. धोका रोखू शकणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव येणार नाही, याची तजवीज तो करतो.

आपल्या श्रद्धेला इथे काही बोलायचंच नाही का? खूप बोलायचं आहे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळ्यांचा वाटा असतो, ही शिकवण आपल्याकडे आहे. जमीन आणि जीव ही माणसाकडे सोपवलेली अमानत आहे, ही शिकवण आहे. समुद्रातल्या जनुकांवर दहा देशांचा कब्जा चालेल का, या प्रश्नावर याहून चांगला आधार कोणता? किनाऱ्यापासून दूरच्या, कोणत्याही देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रातल्या जनुकांचा फायदा वाटून घ्यावा, असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा करार जून २०२३ मध्ये मंजूर झाला. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली आणि जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. त्यात जनुकांच्या डिजिटल माहितीचाही विषय आहे. वाटणी कशी होणार, याचं भांडण आता सुरू होईल. तकरीर करायचीच असेल तर यावर करा. मी पहिल्या सफमध्ये बसून ऐकेन.

मग करायचं काय

पहिलं, पोरींना-पोरांना हे विषय घेऊ द्या. मला माहीत आहे, घरं पगारावर चालतात. मी स्वतः कॉम्प्युटर घेतलं ते आवडीने नाही, अब्बांवर कर्ज होतं म्हणून. सूक्ष्मजीवशास्त्राला सॉफ्टवेअरसारखा पगार लगेच मिळत नाही, हे लपवून सांगणं लबाडी होईल. पण लातूरच्या शिकवण्यांना लाखो रुपये भरून नीटच्या तिसऱ्या प्रयत्नात वय घालवण्यापेक्षा हा रस्ता वाईट नाही. आणि कारण पगाराचं असेल तर पगाराचं सांगा, त्यात दीन आणू नका.

दुसरं, तुमच्यातले जे माझ्यासारखे कोड लिहितात त्यांच्यासाठी. समुद्राची ती सगळी अक्षरं सार्वजनिक भांडारात पडून आहेत. ती वाचायला प्रयोगशाळा लागत नाही, लॅपटॉप आणि पायथॉन पुरतं. मी गेल्या काही महिन्यांपासून रविवारी हे शिकतो आहे. अजून कच्चा आहे, पण पहिल्यांदा एका अनोळखी जनुकाचं नातं ओळखीच्या जनुकाशी जुळलं तेव्हा कळलं की, बँकांची फॉर्मं बनवण्यात मी दहा वर्षं काय चुकवलं.

तिसरं, गावात करण्यासारखं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक संस्थांना जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे. आपल्या नगर परिषदेत, ग्रामपंचायतीत जा आणि विचारा, समितीत कोण आहे, नोंदवही दाखवा. आपल्या मोहल्ल्यातले लोक नगर परिषदेत नळ आणि नाली एवढ्यासाठीच जातात. एकदा यासाठी जाऊन बघा.

मागच्या आठवड्यात मी चच्चांना फोन केला. क्लिपबद्दल वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "चच्चा, तुम्ही सोयाबीनला रायझोबियम चोळता, ते पाकीट कोण बनवतं?" ते म्हणाले, "कंपनी बनाती." मी म्हणालो, "कल को वो पाकीट अपनी बच्ची ने जाँच के बोला, चच्चा, ये नको लो, तो तुम मानोगे?" थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वो बोलेगी तो मानूँगा. पर फीस कित्ती है?"

फी सांगितली. प्रश्न पैशाचा झाला, आणि पैशाच्या प्रश्नाला उत्तर निघतं. परवा तिचा फॉर्म भरला.